शांता आपटे

शांता आपटे (१९१६, दुधनी, सोलापूर जिल्हा – २४ फेब्रुवारी १९६४, अंधेरी, मुंबई) या मराठी व हिंदी चित्रपटांतील गायिका-अभिनेत्री होत्या. बालगायिका म्हणून त्यांची सुरुवात झाली. पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या 'अमृतमंथन', 'अमरज्योती', 'कुंकू' व 'गोपालकृष्ण' या चित्रपटांतील भूमिकांमुळे त्या भारतभर ओळखल्या जाऊ लागल्या. 'कुंकू'मधील नीरा ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका होय. १९३९ मध्ये करारावरून झालेल्या वादात त्यांनी प्रभातच्या प्रवेशद्वाराशी केलेले उपोषण, आणि त्यानंतर लिहिलेले 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक, यांमुळे चित्रपटसृष्टीतील श्रमांच्या इतिहासातही त्यांचे नाव घेतले जाते.

बालपण आणि संगीतशिक्षण

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील गाव सोलापूर–वाडी लोहमार्गावर, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेलगत आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा या पट्ट्यात सर्रास बोलल्या जातात. शांताबाईंचे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. त्यांना गाण्याची आवड होती आणि स्थानिक कार्यक्रमांत ते गात असत. मुलीचा गळा त्यांच्या लवकर लक्षात आला व तिचे शिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात झाले. पंढरपुरात भजन-कीर्तनाचा प्रघात वर्षभर चालू असतो. तेथे शिकणाऱ्या मुलाच्या कानावर रागदारीबरोबर अभंगही पडत राहतो, आणि शब्द स्पष्ट उच्चारून गाण्याची सवय लागते. शांताबाईंच्या पुढील गायनात शब्दांचा जो ठसठशीतपणा जाणवतो, त्याचे मूळ येथे शोधता येते.

लहानपणीच त्या पुण्यातील गणेशोत्सवात भजने व पदे गाऊ लागल्या. १८९३ पासून सार्वजनिक स्वरूप आलेल्या या उत्सवातील मेळे म्हणजे त्या काळच्या बालकलाकारांची उघडी शाळा होती. ध्वनिक्षेपकाची सोय नसलेल्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे, श्रोत्यांचे लक्ष टिकवणे आणि न बुजता उभे राहणे हे सारे तेथे शिकायला मिळे. मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची प्रथा तेव्हा पुरती संपलेली नव्हती, आणि मध्यमवर्गीय घरातील मुलीने लोकांसमोर गाणे हे सर्वांना मान्य होणारे नव्हते. उत्सवातील भक्तिगीत ही त्यातून निघालेली एक सोयीची वाट होती. शांताबाईंच्या कारकिर्दीची देखरेख त्यांचे बंधू बाबूराव आपटे यांच्याकडे होती व ते कडक पालक म्हणून ओळखले जात.

बोलपटांना गाणारी माणसे का हवी होती

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आणला. संगीत नाटकांवर वाढलेल्या प्रेक्षकाला बोलपट म्हणजे गाणारा चित्रपट हेच अपेक्षित होते. मात्र गाणे वेगळे ध्वनिमुद्रित करून नंतर पडद्यावरील ओठांशी जुळवण्याचे तंत्र तेव्हा रूढ नव्हते. भारतात ते १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूपछाँव' या चित्रपटापासून वापरात आले आणि सर्वत्र पसरायला आणखी काही वर्षे लागली. तोपर्यंत नटीला कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गावे लागे. वादक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर कोठेतरी बसत, आणि एखादा सूर चुकला तर संपूर्ण दृश्य पुन्हा घ्यावे लागे.

या गरजेमुळे मूकपटांतील अनेक देखणे चेहरे मागे पडले आणि गाणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. मेळ्यात वा नाटकात तयार झालेली, न घाबरता सुरात गाणारी मुले-मुली ही निर्मात्यांच्या दृष्टीने तयार पुंजीच होती. शांता आपटे, शाहू मोडक, वासंती, राम मराठे ही नावे याच ओघात पडद्यावर आली.

शांताबाईंचा पहिला चित्रपट 'श्यामसुंदर' (१९३२) होय. पुण्यातील सरस्वती सिनेटोनची ही निर्मिती भालजी पेंढारकरांनी दिग्दर्शित केली होती. त्यात शाहू मोडक कृष्ण, तर शांता आपटे राधा होत्या. मुंबईच्या वेस्ट एंड चित्रपटगृहात हा चित्रपट सलग पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

प्रभातमधील वर्षे

१९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. पुण्यातील नव्या स्टुडिओत तयार झालेला तिचा पहिला चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम दिग्दर्शित 'अमृतमंथन' (१९३४). धर्माच्या नावाने चालणाऱ्या बळीच्या प्रथेविरुद्धची ही कथा मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत चित्रित झाली. राजगुरूची भूमिका मराठीत केशवराव दाते यांनी, तर हिंदीत चंद्रमोहन यांनी केली. शांता आपटे यांच्याकडे नायकाच्या बहिणीची, सुमित्रेची भूमिका होती. भूमिका दुय्यम असली तरी तिच्या गाण्यांनी त्या नावारूपाला आल्या.

या यशात संगीतकार केशवराव भोळे यांचा वाटा मोठा होता. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला भोळे यांनी संगीत दिले होते. पद म्हणजे मैफिलीचा तुकडा नसून संवादाचेच पुढचे रूप आहे, हा विचार त्यांनी तेथे मांडला होता. शांताबाई त्यांच्याकडे आल्या तेव्हा आवाज तयार होता, पण गाताना शरीर ताठ राहत असे. मेळ्यातील शिस्तीचाच हा परिणाम म्हणावा लागेल, कारण तेथे मुलांना एका जागी उभे राहूनच गावे लागे. भोळे यांनी त्यांना मोकळेपणाने हालचाल करत, हातवारे व चेहऱ्यावरील भाव यांसह गायला शिकवले. गाणारी मुलगी आणि अभिनय करणारी नटी यांतील अंतर या तालमीने कमी केले. चित्रपटात हे अंतर फार उघडे पडते. रंगमंचावर प्रेक्षक दुरून पाहतो, तर कॅमेरा गायिकेच्या गळ्याची शीरही दाखवतो.

१९३६ च्या 'अमरज्योती'त दुर्गा खोटे यांची सौदामिनी ही अन्यायाविरुद्ध समुद्री चाचेगिरी पत्करणारी स्त्री होती, आणि शांता आपटे तिच्या तावडीत सापडलेली राजकन्या नंदिनी. या चित्रपटाचे संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते. त्यांची चाल भोळे यांच्यापेक्षा वेगळी, नाट्यसंगीताच्या वळणाची व तानांना वाव देणारी होती. शांताबाईंना दोन्ही पद्धती साधल्या, हे त्यांच्या पंढरपुरातील पायाचे फळ होते. त्याच सुमारास 'राजपूत रमणी' (१९३६) व 'वहां' (१९३७) हे त्यांचे प्रभातचे आणखी दोन हिंदी चित्रपट आले.

'कुंकू'

ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामांनी १९३७ मध्ये 'कुंकू' आणि त्याची हिंदी आवृत्ती 'दुनिया ना माने' तयार केली. (कादंबरीकार आपटे आणि शांता आपटे यांचे आडनाव तेवढे एक.) आईबाप नसलेल्या नीरेचे लग्न फसवून वृद्ध विधुर वकील काकासाहेबांशी लावले जाते. हिंदीत या नायिकेचे नाव निर्मला आहे. हे लग्न आपण मानत नाही, असे ती शांतपणे पण ठामपणे सांगते व घरात राहूनही पत्नी होण्याचे नाकारते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने झोडपते. शेवटी काकासाहेबांनाच आपल्या कृत्याची लाज वाटते आणि ते तिला मोकळी करून आयुष्य संपवतात.

जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी साहित्याला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' या नाटकाने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रंगभूमीवर आणला होता. परंतु शारदा ही दया येण्याजोगी मुलगी आहे. नीरा दया मागत नाही, हा फरक मोठा आहे. शांता आपटे यांनी ही भूमिका रडवेपणा टाळून केली. त्यांचा आवाज, चालणे व पाहणे यांत एक आडदांड सरळपणा आहे, आणि तो १९३७ च्या पडद्यावरील स्त्रीला सहसा दिला जात नसे. केशवराव दात्यांचे काकासाहेब खलनायक वाटत नाहीत, हेही या भूमिकेच्या पथ्यावर पडले. समोरचा माणूस सभ्य असतानाही नकार योग्य ठरतो, हे त्यामुळे प्रेक्षकाला पाहावे लागले.

चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते दृश्यातील वस्तूंचे व माणसांचेच आवाज आहेत. भिंतीवरील घड्याळाची टिकटिक काकासाहेबांच्या वयाची खूण बनते आणि नीरेचे गाणे ग्रामोफोनच्या तबकडीच्या साथीने होते. वाद्यमेळाचा आधार काढून घेतल्यावर गाणारीवर सगळा भार येतो, आणि बालपणापासून विनासायास सुरात गाण्याची सवय येथे उपयोगी पडली. लाँगफेलो या अमेरिकी कवीची 'अ साम ऑफ लाइफ' ही इंग्रजी कविताही त्यांनी या चित्रपटात गायली आहे. ग्रामीण स्टेशनमास्तरच्या मुलीने मराठी बोलपटात इंग्रजी कविता गावी, हे त्या काळी नवलाचेच होते. 'दुनिया ना माने' व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात दाखवला गेला.

त्यानंतर दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'गोपालकृष्ण' (१९३८) मध्ये त्या पुन्हा राधेच्या भूमिकेत आल्या. कृष्ण होते बालवयातील राम मराठे, जे पुढे ख्याल व नाट्यसंगीताचे नामवंत गायक झाले.

प्रवेशद्वारावरील उपोषण

प्रभातमध्ये नट-नट्या मासिक पगारावर नोकरीस असत. कंपनीला तिच्या शिस्तीचा अभिमान होता आणि तिच्या चित्रपटांच्या दर्जात या शिस्तीचा वाटा होता, हे नाकारता येत नाही. याची दुसरी बाजू अशी की करार चालू असेपर्यंत कलाकाराला बाहेर काम करता येत नसे आणि कोणती भूमिका मिळेल वा मिळेल की नाही, हे मालक ठरवत. गाजलेल्या गायिकेला नुसते बसवून ठेवले तर तिची उमेदीची वर्षे वाया जातात, आणि पगार मिळाला तरी ते नुकसान भरून निघत नाही.

जुलै १९३९ मध्ये करारावरून उद्भवलेला वाद विकोपाला गेला तेव्हा शांता आपटे प्रभात स्टुडिओच्या प्रवेशद्वाराशी उपोषणास बसल्या. या घटनेचा वृत्तपत्रांतून मोठा गाजावाजा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये महात्मा गांधींनी राजकोट येथे उपोषण केले होते, म्हणजे या साधनाचा अर्थ वाचकांना समजावून सांगावा लागत नव्हता. तरीही ते एका नटीने, आणि तेही मालकाविरुद्ध वापरावे, हे अनेकांना रुचले नाही. काहींनी त्यास प्रसिद्धीसाठी केलेले नाटक म्हटले. पडद्यावरील नीरा आणि दारात बसलेली शांता यांची तुलना होणेही अटळ होते. उपोषणानंतर त्यांचा प्रभातशी असलेला संबंध संपला.

असा वाद केवळ पुण्यात झाला असे नाही. इंग्लंडमधील न्यायालयात बेटी डेव्हिस या अभिनेत्रीने वॉर्नर ब्रदर्सशी केलेल्या कराराविरुद्ध १९३६ मध्ये दिलेली झुंज अपयशी ठरली होती. ऑलिव्हिया डी हॅविलँड यांना त्याच कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियात यश मिळाले ते १९४४ मध्ये, आणि त्या निकालामुळे कलाकाराला सात वर्षांहून अधिक काळ करारात बांधून ठेवण्यास आळा बसला. शांता आपटे यांनी न्यायालयाची वाट धरली नाही. त्यांनी जो मार्ग निवडला तो त्या काळच्या भारतीय सार्वजनिक जीवनातील होता.

'जाऊ मी सिनेमात?'

१९४० मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक चित्रपटात जाऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींना उद्देशून आहे. चित्रपट अभिनेत्रीने मराठीत केलेल्या आत्मपर लेखनाचा हा अगदी आरंभीचा नमुना होय. मात्र त्यात आठवणी व किस्से शोधणाऱ्या वाचकाची निराशा होईल. पुस्तकाचा भर कामावर आहे. चित्रीकरणाचे लांबलेले तास, झगझगीत दिव्यांखालील थकवा, शरीर व मन यांची झीज, करार करताना कलाकाराची असलेली दुबळी बाजू आणि या धंद्यातील भांडवलाचे स्थान यांची चर्चा त्यात आहे. तारका ही मजूर आहे, ही कल्पना आजही अनेकांना विचित्र वाटते. त्या काळी ती एका नटीने स्वतः मांडली होती. अलीकडच्या काळात चित्रपट-इतिहासाच्या अभ्यासकांनी या पुस्तकाकडे पुन्हा लक्ष वेधले असून चित्रपटउद्योगातील थकव्याचा विचार करणारे लेखन म्हणून त्याची दखल घेतली आहे.

मद्रास, लाहोर, मुंबई

प्रभात सोडल्यावर शांताबाईंचा मुक्त कलाकार म्हणून प्रवास सुरू झाला. त्यातील पहिला महत्त्वाचा टप्पा म्हणजे वाय. व्ही. राव यांचा तमिळ चित्रपट 'सावित्री' (१९४१). त्यात शांता आपटे सावित्री होत्या आणि नारदाची भूमिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी केली होती. दोघींचा जन्म १९१६ चा, आणि दोघीही बालगायिका म्हणून पुढे आलेल्या. सुब्बुलक्ष्मींनी हे काम 'कल्की' या नियतकालिकाच्या उभारणीस पैसा मिळावा म्हणून स्वीकारले होते. 'मीरा'नंतर त्या चित्रपटापासून दूर झाल्या आणि मैफिलीकडे परतल्या. त्यांच्यासाठी मैफिलीचे दार उघडे राहिले होते. शांताबाईंची वाट मात्र चित्रपटाचीच राहिली. 'सावित्री'साठी त्यांनी तमिळ शिकून संवाद व गाणी स्वतःच्या आवाजात दिली.

१९४२ मध्ये त्या लाहोरला पांचोली यांच्या 'जमीनदार'मध्ये झळकल्या. 'खजांची'च्या यशानंतर संगीतकार गुलाम हैदर यांचे नाव तेव्हा सर्वतोमुखी होते. पंजाबी ठेक्यांवरील त्यांची गाणी प्रभातच्या गाण्यांहून अगदी निराळी होती. या चित्रपटात शमशाद बेगम यांचाही आवाज आहे. त्याच वर्षी देवकी बोस यांच्या 'अपना घर' आणि त्याच्या मराठी आवृत्तीत, तर १९४३ मध्ये विश्राम बेडेकरांच्या 'दुहाई'त नूरजहाँसह त्यांनी काम केले. भालजी पेंढारकरांच्या 'वाल्मीकि' (१९४६) मध्ये त्या पृथ्वीराज कपूर यांच्यासमवेत होत्या.

चाळीसच्या दशकात चित्रपटांतील गाण्याची व्यवस्थाच बदलत होती. पार्श्वगायन रूढ झाले तशी गाणे एकीचे व चेहरा दुसरीचा ही विभागणी पक्की झाली. निर्मात्याला आता गाता येणारी नटी शोधण्याची गरज उरली नाही. गळा मागावरून मिळू लागला. मास्टर विनायक यांच्या 'सुभद्रा' (१९४६) या चित्रपटात हा बदल जणू एकाच गाण्यात दिसतो. संगीतकार वसंत देसाई यांच्या रचनेत शांता आपटे यांच्याबरोबर लता मंगेशकर गायल्या आहेत, आणि लताबाईंची त्यात छोटी भूमिकाही आहे. लताबाईंनीही लहानपणापासून गाऊन, पडद्यावर काम करून सुरुवात केली होती. पण तीन वर्षांतच 'महल' व 'बरसात' आले, आणि त्यांचा आवाज पडद्यावरील कितीतरी चेहऱ्यांचा झाला. ज्या कौशल्यामुळे शांताबाईंना १९३२ मध्ये चित्रपटात प्रवेश मिळाला, ते कौशल्य नटीकडे असण्याची आता अट राहिली नव्हती. नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या. सुरैया यांच्यासारख्या मोजक्याच गायिका-अभिनेत्री पुढे काही काळ टिकून राहिल्या.

उत्तरकाळ

शांता आपटे यांचे मराठी चित्रपटांतील काम पुढेही चालू राहिले. शांताराम आठवले दिग्दर्शित 'भाग्यरेखा' (१९४८) मध्ये पु. ल. देशपांडे यांचीही भूमिका होती. 'शिलंगणाचे सोने' (१९४९), 'जागा भाड्याने देणे आहे' (१९४९), 'जरा जपून' (१९५०), 'कुंकवाचा धनी' (१९५१) आणि 'ताई तेलीण' (१९५३) हे त्या काळातील त्यांचे इतर मराठी चित्रपट. 'मुळू माणेक' (१९५५) हा गुजराती चित्रपट, तसेच 'चंडीपूजा' (१९५७) व 'रामभक्त विभीषण' (१९५८) हे पौराणिक हिंदी चित्रपटही त्यांच्या नावावर आहेत. यांतील कोणतीही भूमिका नीरेच्या तोडीची ठरली नाही.

सुमारे सहा महिन्यांच्या आजारानंतर २४ फेब्रुवारी १९६४ रोजी अंधेरी येथे त्यांचे निधन झाले. रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणीवरील अभिनेत्री नयना आपटे या त्यांच्या कन्या होत. ज्या स्टुडिओच्या दारात शांताबाई उपोषणास बसल्या होत्या, तेथे १९६० पासून केंद्र सरकारची चित्रपटशिक्षण देणारी संस्था आहे.